किल्ली कोणाच्या खिशात?

शाळेचे तास एकदा मोजून पाहा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचं. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. वर्षाचे तास होतात ८७६०. हा किमान आकडा धरला तर चौथीतलं पोर वर्षातला जेमतेम नऊ टक्के वेळ वर्गात काढतं. उरलेल्या एक्क्याण्णव टक्क्यांचं काय करायचं, हा प्रश्न आपल्या शहरांनी आईबापांच्या ऐपतीवर सोडून दिला आहे.

ऐपत असेल तर उत्तर तयार असतं. दुपारी गरम जेवण, चारला पोहणं, मंगळवार-शुक्रवार तबला, शनिवारी बुद्धिबळ आणि रोजची शिकवणी वेगळी. ऐपत नसेल तर काय होतं, ते मुंबईतल्या कुठल्याही वस्तीत संध्याकाळी जाऊन बघावं. दहा बाय बाराची खोली. आई चार घरची धुणीभांडी उरकून सातच्या पुढे येणार. सातवीतल्या मुलीच्या ताब्यात दोन धाकटी भावंडं, पाण्याची वेळ आणि गॅसवरचा कुकर. दप्तर आहे, वह्या आहेत, पुस्तकं आहेत. वही उघडायला जागा नाही. कॉटवर आजी आडवी झालेली, खाली धाकट्यांचा दंगा, दारात भरलेले हंडे. तिचा अभ्यास सुरू होतो तो रात्री दहानंतर, सगळे झोपल्यावर, मोबाईलच्या उजेडात. सहामाहीत ती मागे पडते आणि प्रगतिपुस्तकावर शेरा येतो, ‘अभ्यासाकडे लक्ष द्यावे’. लक्ष द्यायला जागा लागते. जागा द्यायची जबाबदारी कोणाची, हे त्या शेऱ्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला तो १९१७ मध्ये. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग मात्र १९०१ चं, आणि त्यापाठोपाठ वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी राहिली. आधी मुलाला राहायला, जेवायला, दिव्याखाली वाचायला जागा. सक्तीचा कायदा नंतर. खेड्यातलं पोर कुठे अडतं हे त्या राजाला बरोबर कळलं होतं. शाळेच्या दारापर्यंत आलेलं मूल शाळेबाहेरच्या तासांत गळतं, हे सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलेलं सत्य आजच्या महापालिकांच्या अर्थसंकल्पात शोधून सापडत नाही.

मुंबई महापालिका आपल्या विद्यार्थ्यांना गणवेश, बूट, वह्या, दप्तर, रेनकोट धरून २७ वस्तू मोफत देते. काम चांगलं आहे, ते चालूच राहिलं पाहिजे. अठ्ठाविसावी गोष्ट तेवढी द्यायची राहिली आहे: शाळा सुटल्यावर बसायला जागा आणि शेजारी एक समजूतदार मोठं माणूस.

कोणी म्हणेल, गाणं, चित्रं, खेळ ही हौस आहे, गरिबाच्या पोराला आधी गणित येऊ द्या. असं म्हणणाऱ्यांनी दहावीच्या गुणपत्रिकेचं गणित पाहावं. इंटरमिजिएट ग्रेड चित्रकला परीक्षेत ए श्रेणी मिळाली की दहावीला सात गुण वाढीव मिळतात. बी श्रेणीला पाच, सी श्रेणीला तीन. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, लोककला, क्रीडा स्पर्धा यांचेही सवलतीचे गुण आहेत. म्हणजे शाळेबाहेर मिळवलेल्या कौशल्याला शासन स्वतः मोल देतं, तेही अकरावीच्या प्रवेशात अर्ध्या-अर्ध्या गुणासाठी झुंबड उडते त्या राज्यात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन हे सगळं आठवड्याच्या एखाद-दोन तासिकांत बसत नाही. त्याला सराव लागतो, रंग लागतात, कागद लागतो, चूक दाखवणारा हात लागतो. ज्याला क्लास परवडतो त्याला ते सात गुण मिळतात. ज्याला परवडत नाही त्याच्या हातात कितीही कसब असलं तरी रकाना रिकामा राहतो. वाढीव गुण ठेवायचे असतील तर ते मिळवण्याची वाट प्रत्येक पोराच्या दारापर्यंत न्यावी लागेल. नाहीतर हे गुण शासनाच्या शिक्क्यानिशी पैसेवाल्यांनाच जात राहतील.

आता शाळेकडे वळू. पालिकेच्या शाळांत साधारणपणे सकाळ सत्र साडेबाराला सुटतं आणि दुपार सत्र सहाला. मराठी माध्यमाचा पट वर्षानुवर्षं घसरत गेल्याने अनेक इमारतींत दुपारीही वर्गखोल्या रिकाम्या असतात. सहानंतर तर पूर्ण इमारत रिकामी. पंखे आहेत, दिवे आहेत, बाकं आहेत, नळ आहेत, मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आहेत, खाली मैदान आहे. त्या सातवीतल्या मुलीच्या खोलीत यातलं एकही नाही, आणि तिची खोली शाळेपासून चालत दहा मिनिटांवर आहे. सहाला फाटकाला कुलूप लागतं आणि किल्ली दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खिशात राहते.

मुख्याध्यापकांच्या कार्यालयातलं कपाट उघडून पाहा. हार्मोनियम, ढोलकी, लेझीम, कॅरम, बुद्धिबळाचे पट, विज्ञान पेटी. बऱ्याच वस्तू कोऱ्या. कारण त्या सगळ्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढवलेल्या आहेत. सोंगटी हरवली, भाता फाटला, भिंग फुटलं की उत्तर द्यायचं मुख्याध्यापकांनी, तपासणीच्या दिवशी. त्यामुळे वस्तू सांभाळणं हे काम होतं आणि वस्तू वापरणं ही जोखीम ठरते. मी मुख्याध्यापकांना दोष देत नाही. ज्या व्यवस्थेत फुटलेल्या भिंगाचा हिशेब मागतात आणि भिंगातून कधीच न पाहिलेल्या मुलांचा मागत नाहीत, तिथे कोणीही कपाटाला कुलूपच लावील. हिशेब बदला, कपाट आपोआप उघडेल. वर्षाला दहा टक्के साहित्य वापरात झिजणार, फुटणार, हरवणार हे गृहीत धरणारं एक परिपत्रक काढायला किती दिवस लागतात?

हे जमेल का, असं विचारणाऱ्यांना मुंबईनेच उत्तर दिलेलं आहे. १९९१ मध्ये शाहीन मिस्त्री या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने कुलाब्यातल्या एका शाळेची मोकळी जागा मिळवून वस्तीतल्या पंधरा मुलांना शाळेव्यतिरिक्तच्या वेळात शिकवायला सुरुवात केली. त्यातून आकांक्षा ही संस्था वाढली, आणि पुढे ती महापालिकांशी भागीदारी करून शाळाच चालवू लागली. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांच्या ‘प्रथम’ची सुरुवातही १९९० च्या दशकातल्या मुंबईच्या वस्त्यांतली. ‘प्रथम’ने पालिका शाळांत बालसखी आणल्या. बालसखी म्हणजे वस्तीतलीच, शालेय शिक्षण पूर्ण केलेली तरुण मुलगी. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं ती रोज दोन तास वेगळी घेऊन बसायची आणि वाचन-गणित पक्कं करायची. हे शाळेच्या वेळातच चालायचं, पण धडा शाळेनंतरच्या वर्गालाही तंतोतंत लागू आहे.

मुंबई आणि वडोदऱ्यातल्या या प्रयोगाचा काटेकोर अभ्यास झाला. करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. २००७ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात दिसलं की पहिल्या वर्षी मुलांची प्रगती झाली, दुसऱ्या वर्षी ती दुप्पट झाली आणि सर्वांत जास्त फायदा वर्गातल्या सर्वांत मागच्या मुलांना झाला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कार्यक्रम संपून वर्ष उलटल्यावर कमावलेल्यापैकी बराच फायदा ओसरला होता. आधार दिला की मूल चढतं, आधार काढला की घसरू लागतं. म्हणून असे वर्ग दोन-तीन वर्षं चालवून बंद करणं हा मुलांशी केलेला अन्याय आहे. आणि मुंबईत गेली कित्येक वर्षं आपण नेमकं तेच करतो आहोत.

याचं कारण पैशाच्या स्वभावात आहे. शाळेनंतरचे वर्ग आज चालतात ते संस्थांच्या जिवावर, आणि संस्थांचा मोठा आधार कंपन्यांचा सीएसआर. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायचे. पैसा येतो, चांगली माणसं तो चांगल्या कामाला लावतात. पण ‘चालू प्रकल्प’ म्हणून नियमात बसतं ते सुरुवातीचं वर्ष आणि फार तर पुढची तीन. पहिलीत आलेलं मूल पाचवीला पोचायच्या आत प्रकल्पाची मुदत संपते. मग कंपनीचं धोरण बदलतं, साहेब बदलतो, यंदा पर्यावरण, पुढच्या वर्षी आरोग्य. वर्ग घेणारी ताई यायची बंद होते. मुलांना कोणी कारण सांगत नाही. सामंजस्य करारावर सह्या करतानाचा फोटो असतो, वर्ग बंद झाला त्या दिवसाचा नसतो. देणगीवर वर्ग सुरू करता येतो. सात वर्षं, दहा वर्षं, एका पिढीपुरता चालवायला कराचा पैसा लागतो.

लॉस एंजेलिसचं उदाहरण इथे कामाचं आहे. तिथे शाळा महापालिकेच्या नाहीत. शाळांचा जिल्हा वेगळा, त्याचं मंडळ वेगळं निवडून येतं, महापौराचा त्यावर हुकूम चालत नाही. तरीही १९८८ मध्ये महापौर टॉम ब्रॅडली यांनी शहर, शाळा जिल्हा आणि खासगी देणगीदार यांना एकत्र बसवून ‘एलएज बेस्ट’ हा उपक्रम सुरू केला. सुरुवातीला दहा शाळा, तीही ज्या भागांत गरिबी आणि टोळ्यांचं राज्य होतं तिथल्या. शाळा सुटली की मुलं तिथेच थांबायची: खाऊ, गृहपाठ, खेळ, नाच, विज्ञान. पुढे हा उपक्रम दीडशेहून अधिक शाळांत पोचला.

तो टिकला याचं श्रेय चांगुलपणाइतकंच कायद्याला आहे. २००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मतदारांनी ‘प्रपोझिशन ४९’ मंजूर केलं. अर्नोल्ड श्वार्झनेगर गव्हर्नर होण्याआधी याच प्रस्तावासाठी राज्यभर फिरले होते. त्यातून शाळेनंतरच्या वर्गांसाठी राज्याच्या तिजोरीतून दरवर्षी सुमारे ५५ कोटी डॉलर कायमचे बांधले गेले. सोबत अटीही आल्या. शाळेच्या प्रत्येक दिवशी किमान संध्याकाळी सहापर्यंत वर्ग चालला पाहिजे. वीस मुलांमागे एक मोठं माणूस हवं. पौष्टिक खाऊ हवा. अभ्यास आणि अभ्यासेतर गोष्टी दोन्ही हव्यात. आणि राज्याच्या रकमेच्या एक तृतीयांश वाटा स्थानिकांनी उचलायचा, रोखीने किंवा जागा-सेवेच्या रूपाने. केंद्राचा पैसा किती बेभरवशाचा असतो हे अमेरिकेने २०२५ च्या जुलैत पाहिलं. ट्रम्प प्रशासनाने शाळांचे काही अब्ज डॉलर रोखले, त्यात शाळेनंतरच्या वर्गांचा केंद्रीय निधीही अडकला. काही आठवड्यांनी तो सोडला, पण तोवर देशभर संस्था नव्या वर्षाचे वर्ग उघडायचे की नाहीत या घोरात होत्या. ज्या राज्याने आपला पैसा आपल्याच कायद्याने बांधून ठेवला होता, त्याच्या पायाखाली निदान जमीन होती.

आता आपल्याकडे पाहा. मुंबईत शाळेची मालक महापालिका, मैदानाची मालक महापालिका, वाचनालय, नाट्यगृह, जलतरण तलाव, उद्यान यांचीही मालक महापालिकाच. लॉस एंजेलिसच्या महापौराला दुसऱ्याच्या दारात जाऊन मनधरणी करावी लागली. आपल्या आयुक्तांना आपल्याच इमारतीचं फाटक उघडं ठेवायला सांगायचं आहे.

पैसा नाही असं कोणी म्हणू नये. २०२५-२६ चा मुंबईचा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा होता, आणि शिक्षणावरची तरतूद साडेतीन हजार कोटींच्या वर. ढोबळ हिशेब मांडतो. एका शाळेत शंभर मुलं, रोज तीन तास. वीस मुलांमागे एक याप्रमाणे पाच ताई-दादा, प्रत्येकी महिना १२ हजार मानधन, म्हणजे ६० हजार. खाऊ मुलामागे रोज २० रुपये, महिन्याचे २४ दिवस, म्हणजे ४८ हजार. रखवालदाराच्या वाढीव वेळेचे १५ हजार. साहित्याचे १० हजार. झाले महिन्याला एक लाख ३३ हजार. दहा महिने धरले तर १३ लाख ३० हजार. अशा तीनशे इमारती घेतल्या तर वर्षाचे ४० कोटी, आणि ३० हजार मुलांची संध्याकाळ. शिक्षणाच्या तरतुदीतला हा सव्वा टक्काही होत नाही. दर थोडे वाढवा, तरी दोन टक्क्यांच्या आत बसतं.

मानधनाचा आकडा मी मुद्दाम चढा धरला आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बालसखींना महिना ५०० ते ७५० रुपये मिळायचे. त्या मुलींनी काम मनापासून केलं, पण गरिबांच्या मुलांसाठीचं काम गरीब बायकांकडून स्वस्तात करून घ्यायची सवय आपल्याला फार जुनी आहे. ती आता मोडली पाहिजे. डी.एड. करून घरी बसलेली पोरं वस्तीवस्तीत आहेत. ढोलकी वाजवणारा, मल्लखांब शिकवणारा, कॅरमचा जिल्हा खेळाडू त्याच गल्लीत राहतो. त्यांना वेळेवर, महिन्याच्या महिन्याला पैसे द्या. सहा महिन्यांनी एकदम मिळणाऱ्या मानधनावर कोणाचं घर चालत नाही.

शिक्षकांवर हा बोजा टाकायचा नाही, हेही ठणकावून सांगायला हवं. जनगणना, निवडणूक, आपत्ती ही कामं कायद्यानेच त्यांच्या गळ्यात आहेत. त्यावर शाळेनंतरचे तीन तास लादले तर वर्ग कागदावर भरेल आणि हजेरीपट खोटा होईल.

पालकांची खरी भीती वेगळी आहे, आणि ती रास्त आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाले, त्यानंतर मुलगी संध्याकाळी शाळेत थांबणार म्हटलं की आईच्या पोटात गोळा येतो. म्हणून प्रत्येक वर्गावर कायम दोन मोठी माणसं, त्यात एक स्त्री. प्रत्येकाची पोलीस पडताळणी. मुलं घरी सोडण्याची ठरलेली पद्धत. आणि देखरेख शाळा व्यवस्थापन समितीकडे, कारण कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया. ज्या आयांची पोरं आत आहेत, त्यांच्याइतकं डोळ्यांत तेल घालून दुसरं कोण पाहणार?

आणि धाकट्या भावंडांना दार बंद करू नका. सातवीतल्या मुलीला ‘तू ये, भावाला घरी ठेव’ सांगणं म्हणजे ‘तू येऊ नकोस’ सांगणं. खालच्या मजल्यावरची बालवाडीची खोली त्याच वेळात उघडी राहिली, तरच मुली येतील. ज्या योजनेत भावंडाची सोय नाही तिच्या पटावर तीन महिन्यांत फक्त मुलगे उरतील.

तेव्हा मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला तीन प्रश्न विचारा. शाळेनंतरच्या वर्गांसाठी पालिकेच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष काढणार का? त्यात किमान सात वर्षांची हमी देणार का, म्हणजे पहिलीतलं मूल सातवी होईपर्यंत ताई बदलली तरी वर्ग बंद होणार नाही? आणि आपल्या प्रभागातल्या कोणत्या शाळेपासून, कोणत्या महिन्यात सुरुवात करणार? शाळेचं नाव आणि महिना सांगता येत नसेल तर त्या उमेदवाराने या विषयाचा विचार केलेला नाही. संस्थांनी आपलं कौशल्य आणावं, कंपन्यांनी रंग, वाद्यं, संगणक द्यावेत, त्यांचं स्वागत आहे. रोजचा खर्च मात्र शहराने उचलायचा. ज्या आया या शहरातली घरं रोज आवरून देतात, त्यांच्या मुलांचे तीन तास सांभाळणं हे या शहराचं देणं आहे, आणि ते पुढच्या अर्थसंकल्पात आकड्यानिशी दिसलं पाहिजे.